ऐकणारा जंतू

११ जानेवारी

संशोधन केंद्रातून एक छापील वही मिळाली आहे. ताप, डोकेदुखी, भूक, पोट असे रकाने आहेत. रोज भरायचे आणि खाली सही करायची. मनात काय आलं याला मात्र रकाना नाही, म्हणून ही दुसरी वही माझ्यापुरती घेतली. लिहायची सवय नाही. आजवर लिफ्ट दुरुस्त करून झाली की 'दोर तपासला, तेल दिलं, चालू केली' एवढंच लिहीत आलो.

आज दंडात लस टोचून घेतली. ती टायफॉइडची नवी लस होती की भलत्याच रोगावरची, हे मला ठाऊक नाही. टोचणाऱ्या सिस्टरलाही ठाऊक नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं म्हणे. महिन्याभराने मला टायफॉइडचे जिवंत जंतू पाण्यातून प्यायला देणार. मग बघायचं, ताप येतो का.

हे लिहून पुन्हा वाचलं आणि मलाच मी वेडा वाटलो.

ताईला अजून सांगितलेलं नाही.

१५ जानेवारी

हे का करतोय ते लिहून ठेवतो. ताप चढल्यावर आठवायचं नाही.

घरात आम्ही तिघं. ताई, तिची मुलगी आणि मी. भाची रांगत होती तेव्हा भाऊजी गेले, आणि मी माझं बिऱ्हाड उचलून ताईकडे आलो तो आलोच. पोर इतकी बडबडी की मी तिला टिटवी म्हणायला लागलो. पुढे शाळेतही तेच नाव चिकटलं. आता सोळा वर्षांची आहे.

गेल्या वर्षी तिला टायफॉइड झाला. आम्ही फारसे घाबरलो नव्हतो. ताईला लहानपणी झाला होता, गोळ्यांनी गेला होता. तसाच जाईल असं वाटलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप हलेना. दुसऱ्या दिल्या, तरी तेच. मोठ्या दवाखान्यात शिरेतून इंजेक्शनं सुरू झाली, तर ताप उलट चढत गेला. शेवटी तिच्या रक्तातला जंतू वेगळा वाढवून त्याच्यावर एकेक औषध टाकून पाहिलं. तो कुणालाच भीक घालत नव्हता. दोन औषधं उरली होती. ही चालली नाहीत तर पुढे काय, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

चालली. पाच आठवड्यांनी टिटवी घरी आली. अंगावर मांस नाही, डोक्यावर केस नाहीत, पण आली.

मोठ्या दवाखान्यात तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंना मी म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडायचे?" त्या म्हणाल्या, "जेवायच्या आधी हात धुवा." मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती.

मग तीन महिन्यांपूर्वी त्यांच्याच आवारातल्या संशोधन केंद्राची लिफ्ट अडकली म्हणून मला बोलावलं. लिफ्टच्या आत कागद चिकटवला होता, 'निरोगी स्वयंसेवक हवेत'. लिफ्ट अडकली की माणूस भिंतीवरचं सगळं वाचतो. मी वाचलं आणि काम आटोपून सरळ चौथ्या मजल्यावर गेलो. समोर त्याच डॉक्टरबाई.

त्यांनी मला परत पाठवायचा बराच प्रयत्न केला. "भावनेच्या भरात येऊ नका," म्हणाल्या. मी विचारलं, या लसीचा टिटवीसारख्यांना काय उपयोग? तेव्हा मात्र खुर्ची ओढून बसल्या. "आमच्याकडची औषधं एकेक करून निकामी होत चालली आहेत. जंतू शिकतो, आणि आमच्यापेक्षा लवकर शिकतो. पण लसीला त्याचं सोयरसुतक नाही. जंतू औषधाचं ऐको न ऐको, लस त्याला आत बस्तानच बसू देत नाही. निदान आम्हाला तसं वाटतं. खरं आहे का, तेच बघायचंय."

"मग मला टिटवीवाला जंतू पाजणार?"

"तो पाजायला आम्ही काय कसाई आहोत? आमचा जंतू जुना आहे, सरळमार्गी. कुठल्याही औषधाचं ऐकतो."

ऐकणारा जंतू. मला ते आवडलं. सही केली.

१९ जानेवारी

ताईला आज सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. घरी आल्यावरही हातात फडकं असतंच, जो दिसेल त्याचा चष्मा ओढून पुसते. माझा चष्मा पुसत होती तेव्हा सांगितलं. म्हटलं, निदान माझं तोंड तरी तिला धूसर दिसेल. पण धूसर मलाच दिसत होतं. तिला सगळं स्पष्ट दिसलं.

"सुखाचा जीव दुःखात घालायची हौस आली का रे?"

"ताई, रोज तपासणार आहेत. जंतू ऐकणारा आहे."

"जंतू ऐकेल. तू ऐकतोस का कुणाचं?"

"उपकार आहेत त्यांचे आपल्यावर."

"उपकार माझ्यावर आहेत. पोर माझी आहे. फेडायचे ते मी फेडीन." चष्मा माझ्या हातात कोंबला. "एक उठली त्या खाटेवरून. आता तू जाऊन झोप."

टिटवी समोर बसून ब्रेड कुरतडत होती. ती मान वर न करता उठली आणि आत गेली.

२५ जानेवारी

ताईने तोंडात गुळणी धरली आहे. चहाचा कप माझ्यासमोर आपटते, त्या आवाजावरून कळतं, राग किती उरलाय.

टिटवी तर दवाखान्यातून आल्यापासून गप्पच आहे. माझ्याशी हो-नाही करते, आईशी तेवढंही नाही. ताईने डोक्यावरून हात फिरवला की मान बाजूला काढते. ताई म्हणते, "अशक्तपणा आहे." डॉक्टरबाईंकडे तपासायला चल म्हटलं तर दार लावून घेते. शाळेत जायला तयार नाही. लोकरीची टोपी घालून खिडकीशी बसते. केस आता बोटभर आलेत, टोपीची तशी गरज नाही. आजारपणाआधी हीच मुलगी वक्तृत्वाच्या स्पर्धेत परीक्षकांनी घंटा वाजवली तरी थांबायची नाही.

तर घरात तीन माणसं आणि तिघंही गप्प. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं मजल्याच्या आकड्यांकडे बघत उभी असतात ना, तसे.

९ फेब्रुवारी

उद्या जायचं. कामावर माझ्या जोडीदाराला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. त्याला सगळे दाढी म्हणतात. बरीच वर्षं लिफ्टच्या एकाच शाफ्टमध्ये लोंबकळतोय आम्ही. आधी त्याचा विश्वासच बसला नाही. आज निघताना म्हणाला, "लोक जंतू टाळायला पाणी उकळून पितात, आणि तू जंतूच पाण्यात घालून पिणार. तुझं सगळंच उलटं." मग पान्याने मनगट खाजवत म्हणाला, "काही लागलं तर फोन कर. रक्त वगैरे."

रक्त तेच घेणार आहेत माझं, रोज. पण बरं वाटलं.

बॅग भरली. ताईने काही म्हटलं नाही. पण बॅगेत दोन टॉवेल जास्तीचे सापडले, मी ठेवले नव्हते.

१० फेब्रुवारी

प्यायलो.

आधी सोड्याचं पाणी दिलं, पोटातलं आम्ल शांत करायला. नाहीतर जंतू तिथेच मरतात. मग छोट्या पेल्यात ते. मला वाटलं होतं गढूळ असेल, वास येईल. काहीच नाही. स्वच्छ पाणी. टिटवीसुद्धा असंच काहीतरी स्वच्छ दिसणारं प्यायली असेल कुठेतरी.

डॉक्टरबाई समोर उभ्या होत्या. मी पेला रिकामा केला तर म्हणाल्या, "थँक यू." मला हसूच आलं. आभार कोण कुणाचे मानतंय.

चौथ्या मजल्यावर खोली मिळाली आहे. खोली स्वतंत्र, संडास स्वतंत्र, दारात हात धुवायचं बेसिन. आत येताना-जाताना हात धुतल्याशिवाय सुटका नाही. खिडकीतून दवाखान्याची मुख्य इमारत दिसते. टिटवीचा वॉर्ड कुठला होता ते शोधलं. सापडला.

१३ फेब्रुवारी

काही नाही. ताप नाही, डोकं दुखत नाही. सकाळी रक्त घेतात, दिवसभर ताप मोजतात. उकडलेलं अंडं, सूप, सफरचंद. असं आयतं मी जन्मात खाल्लं नव्हतं. सिस्टर रोज विचारते, "कसं वाटतंय?" आणि उत्तर ऐकायला थांबते. एवढ्या आस्थेने मला कुणी विचारलेलं आठवत नाही. लिफ्टचा माणूस आला की लोक विचारतात, "किती वेळ लागेल?"

इथली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अजून धक्का देते. खोलीतून ऐकू येतं. माझंच काम. जीव नुसता कासावीस होतो, पण बाहेर जायची परवानगी नाही.

१५ फेब्रुवारी

आजही नाही. आता खरं लिहितो, मला लाज वाटायला लागली आहे. शेजारच्या खोलीतला दुसरा स्वयंसेवक, एक ड्रायव्हर, काल तापला. त्याच्या दारापाशी नुसती धावपळ. मी मात्र धडधाकट, अंडी खातोय. मला खरी लस मिळाली असेल तर चांगलंच आहे. पण नसेल आणि तरी काही होत नसेल, तर मी इथे कशाला आलो?

ताईचा फोन नाही. दाढी येऊन गेला. दारात हात धुताना म्हणाला, "डॉक्टर ऑपरेशनला जाताना एवढे हात धुवत नसतील."

१७ फेब्रुवारी

दुपारपासून थंडी वाजतेय. सिस्टरने ताप मोजला, पुन्हा मोजला. आला.

कबूल करतो, आनंद झाला.

१८ फेब्रुवारी

आनंद मूर्खपणाचा होता. डोकं कुणीतरी पान्यात धरून आवळतंय. प्रकाश नको, आवाज नको. पहिली गोळी दिली.

२१ फेब्रुवारी

मधले दिवस लिहिता आलं नाही. आज उशीला टेकून बसलोय.

अंग फोडून काढल्यासारखं दुखणं म्हणजे काय, ते आता कळलं. पाण्याचा ग्लास उचलायचा तर मनाची तयारी करावी लागत होती. आणि मी ठरवून आलेला माणूस, मला रोगाचं नाव माहीत, औषध उशाशी, गुण येणार हे माहीत. त्या पोरीला यातलं काही माहीत नव्हतं.

१९ तारखेचं लिहायचं आहे. दुपारी डोळा उघडला तर समोर खुर्चीत टिटवी. मला वाटलं तापात दिसतेय. पण टोपी होती, आणि हातांना बेसिनवरच्या साबणाचा वास. दवाखान्यातून आल्यापासून ज्या मुलीने या आवारात पाऊल टाकलं नव्हतं, ती माझ्या खाटेपाशी बसली होती.

"आईने पाठवलं?"

"आईला माहीत नाही. दाढीमामांना फोन केला होता. ते म्हणाले तू तापलायस."

"कशी आलीस वर?"

"जिन्याने. तुझ्या लिफ्टला धक्का बसतो."

तिने उठून माझ्या पाठीखालची चादर दोन्हीकडून ओढून घट्ट केली. "सुरकुती टोचते ना? सांगता येत नाही आणि टोचत राहते." मला रडूच आलं, कारण सकाळपासून तेच टोचत होतं आणि मला कळत नव्हतं काय टोचतंय. मग म्हणाली, पाणी चमच्याने घे. पंख्याकडे बघू नकोस, खोली फिरायला लागते. कपाळावरचं फडकं पिळून घे, थेंब कानात गेला की वेड लागतं. एकेक गोष्ट अचूक. महिनोन्‌महिने जेवढी बोलली नव्हती, तेवढी अर्ध्या तासात बोलली.

मी म्हटलं, "तुला एवढं सगळं आठवतं? आम्हाला वाटायचं तू शुद्धीतच नाहीस."

"डोळे उघडत नव्हते. ऐकू येत होतं."

"सगळं?"

"मधलं मधलं." खिडकीकडे बघत बसली. मग म्हणाली, "मामा, एकदा आई डॉक्टरांना म्हणाली, 'पुरे झालं. सोडा आता तिला.' ते का म्हणाली?"

मला एवढ्या तापातही हसू आलं. तो किस्सा मी किती जणांना सांगितलाय! तिलाच तेवढा सांगितला नव्हता. म्हटलं, अगं, तो शिकाऊ डॉक्टर! नवीन औषध शिरेतून द्यायचं होतं आणि त्या बिचाऱ्याला तुझी शीरच सापडेना. त्याचे हात लटलट कापत होते. तुझ्या हाताची नुसती चाळणी केली त्याने. तुझी आई बघत होती, बघत होती, आणि एकदम उभी राहिली. "पुरे झालं. सोडा आता तिला. माझी पोर आहे, टाचण्या टोचायची उशी नाही." त्याच्या हातातून तुझा हात ओढून घेतला. तो गारठलाच. मग तशीच तरातरा ऑपरेशन थिएटरच्या मजल्यावर गेली आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना बाहीला धरून खाली घेऊन आली. ते बिचारे डोक्यावर हिरवी टोपी, तोंडावर पट्टी, तसेच. त्यांनी एका टोच्यात शीर काढली, तीसुद्धा मानेत. शेवटचं औषध तिथूनच गेलं तुझ्या अंगात.

टिटवीने विचारलं, "म्हणजे मला सोडा असं नाही?"

"तुला कशी सोडेल? हात सोडा."

"हात सोडा," ती म्हणाली.

"मग काय तर. त्याने जो धरून ठेवला होता तो."

एकदम तिने तोंड झाकून घेतलं आणि हुंदके द्यायला लागली. टोपीसुद्धा खाली पडली. मला वाटलं, माझी अवस्था बघून पोर घाबरली. म्हटलं, "रडू नकोस गं, माझा जंतू ऐकणारा आहे. एक-दोन दिवसांत उठतो बघ." तर जास्तच रडली. मग उठली, माझं कपाळ पुसलं, स्वतःचं तोंड बेसिनवर धुतलं. "मी येते परत. आता आईच्या दुकानात जाते." आणि पळाली.

टोपी इथेच राहिली.

२२ फेब्रुवारी

ताप उतरला. पहिल्या गोळीला चौथा दिवस. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बघा, ऐकतो की नाही?"

मी हो म्हटलं आणि मग खूप वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. चार दिवसांत माझा चेंदामेंदा झाला होता. टिटवीने पाच आठवडे काढले, औषधामागून औषध फुकट जात असताना. ही गोळी तिलाही दिली होती, अगदी हीच. माझ्यासाठी रामबाण, तिच्यासाठी खडू. गोळी तीच आणि रोगही तोच. फरक काय तो जंतूने काय शिकून ठेवलंय एवढ्याचा. माझ्या वाट्याला अडाणी जंतू आला, म्हणून मी आज बसून सूप पितोय. कुणाचे आभार मानायचे तेही कळत नाही. सिस्टरचे मानले. ती म्हणाली, "सूप संपवा आधी."

दुपारी ताई आली!

दारात हात धुतले. आत येऊन माझा चष्मा उचलला, पुसला, माझ्या नाकावर ठेवला. डोळे सुजलेले होते तिचे. टिटवी मागे उभी होती, आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून. मी म्हटलं, "ताई, रडू नको, बरा आहे मी." ताई म्हणाली, "तुझ्यासाठी कोण रडतंय?" आणि दोघी मायलेकी हसायला लागल्या. मला काही कळेना. पण हसताहेत तर हसू दे.

जाताना ताईने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बरं केलंस आलास इथे."

तिचा राग जाईल असं वाटलं नव्हतं. लसीचं महत्त्व तिला पटलेलं दिसतं.

८ मार्च

घरी. गोळ्या संपल्या, तपासणीत जंतू पुरता गेल्याचं दिसलं, तेव्हा सोडलं. निघताना सिस्टरला विचारून तिसऱ्या मजल्यावरचा धक्का काढून टाकला. अर्ध्या तासाचं काम होतं. आता मन शांत.

घरात वेगळीच हवा आहे. टिटवी ताईला दुकानातून आणायला जाते, आणि जिन्यापासूनच दोघींचा आवाज ऐकू येतो. काल ताई तिच्या डोक्याला तेल लावत होती. केस ते केवढे, पण चाललं होतं. टिटवी डोळे मिटून बसली होती आणि बोलत होती, बोलत होती. ताई मधेच म्हणाली, "अगं, श्वास घे."

ताईला विचारलं, त्या दिवशी टिटवी दुकानात येऊन काय म्हणाली? ताई म्हणाली, "दारातच गळ्यात पडली. गिऱ्हाईक एकाच डोळ्याची तपासणी करून घेऊन निघून गेलं."

"पण का?"

"तू जेव गपचूप."

मला वाटतं मला तापलेला बघून पोरीला आजारपण म्हणजे काय ते बाहेरून दिसलं, आणि आईने काय सोसलं असेल ते कळलं. काहीही असो. मी काय केलं त्यात? नुसता पडून होतो.

३ एप्रिल

टिटवी शाळेत जायला लागली. टोपीशिवाय. कुणीतरी केसांवरून चिडवलं म्हणे. तिने त्याला जे सुनावलं ते ऐकून मास्तरांनी तिला पुन्हा वक्तृत्वाच्या स्पर्धेत घातलं.

दाढी म्हणतो मी बारीक झालोय, शाफ्टमध्ये आता दोघांना एकदम उतरता येईल.

१२ जून

डॉक्टरबाईंनी बोलावलं होतं. चाचणी संपली. कुणाला काय टोचलं होतं ते उघड झालं. मला टायफॉइडची लस मिळालीच नव्हती. दुसऱ्याच रोगावरची होती.

मी जरा खट्टू झालो. म्हटलं, म्हणजे मी फुकटच आजारी पडलो?

डॉक्टरबाई नेहमी घाईत असतात, पण आज थांबल्या. "ज्यांना लस दिली होती त्यातले बहुतेक तापले नाहीत. तुमच्यासारखे ज्यांना दिली नव्हती, ते बरेच तापले. तुम्ही तापला नसतात, तर लसीने काम केलं हे आम्ही कशावरून म्हणणार होतो? तुमचा ताप हाच आमचा पुरावा आहे."

जन्मात मला कुणी पुरावा म्हटलं नव्हतं. घरी येईपर्यंत मान ताठ होती.

आज ती खरी लसही टोचली मला. ताई सोबत आली होती. तिने स्वतः पुढे होऊन विचारलं, आम्हाला कधी मिळेल? डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळ लागेल, पण येईल. शाळाशाळांतून देता येईल असं चाललंय. ताई म्हणाली, "लवकर करा. सगळ्यांचे जंतू ऐकणारे नसतात."

१९ जुलै

आज जे बघितलं ते लिहायलाच हवं.

मोठ्या दवाखान्यात, टिटवी होती त्याच वॉर्डात, एक लहान मुलगी दाखल आहे. तोच न ऐकणारा टायफॉइड. औषधं लागू पडेनात. डॉक्टरबाईंनी आमच्याकडे फोन करून टिटवीला विचारलं, तिच्यापाशी जाऊन बसशील का? टिटवी हो म्हणाली. शाळा सुटली की जाते. आज शाळा सुटायला उशीर झाला होता म्हणून मी सोडायला गेलो, आणि दाराशी थांबलो.

मुलगी डोळे मिटून पडलेली. गाल आत गेलेले. टिटवीने चादर ओढून सारखी केली, ओठांना चमचा लावला. दाराजवळ मुलीची आई आणि काका उभे होते. काका हलक्या आवाजात म्हणाले, "हेही नाही चाललं तर..." आणि आई म्हणाली, "नको, बोलूच नका."

टिटवी उठून त्यांच्यापाशी आली. वयाने एवढीशी, पण अशी आली की दोघं गप्प झाले.

"काकू, तिथे उभं राहून अर्धं अर्धं बोलू नका. तिला ऐकू येतं. मधलं मधलं येतं. काय बोलायचं ते जवळ येऊन पूर्ण बोला, म्हणजे ती उरलेलं मनाने जोडणार नाही."

बाई घोटाळल्या. माझ्याकडे बघितलं, जणू मी काही सांगेन. मला तरी काय माहीत? आजारी माणसापाशी पूर्ण वाक्यं बोलायची, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पण टिटवी त्या खाटेवरचा सोळा आणे अनुभव घेऊन आलेली आहे, तिला कळत असेल. मी मान हलवली.

बाई गेल्या. वाकल्या. तोंड मुलीच्या कानाशी नेलं, मग पुन्हा वर उचललं. टिटवी शेजारी उभी राहिली, घाई न करता. मग बाई बोलल्या.

"बाळा, मी आई आहे. मी इथेच आहे. काका पण आहेत. काल दिलेलं औषध लागू पडलं नाही. आज संध्याकाळी दुसरं देणार आहेत. ते लागू पडेल असं डॉक्टरांना वाटतंय. मला भीती वाटतेय, म्हणून मी रडले. पण मी तुला सोडून कुठेही जाणार नाही."

मुलीने डोळे उघडले नाहीत. पण ओठ हलले. "हं," म्हणाली.